अमेरिकेतील सार्वजनिक प्रसारणाचा निधी मागे घेतला गेला, त्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२५च्या उन्हाळ्यापासून अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांकडून आणि त्यांच्या भारतातील नातेवाइकांकडून तेथील सार्वजनिक रेडिओ व दूरचित्रवाणीच्या निधीविषयी सातत्याने प्रश्न येत आहेत. त्यांपैकी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. माहिती जानेवारी २०२६पर्यंतची आहे. हा निर्णय आम्हाला चुकीचा वाटतो आणि ते लपवण्याचे कारण नाही. मात्र घडलेली गोष्ट आणि तिच्याविषयीचे आमचे मत वाचकाला वेगवेगळे ओळखता यावे, याची काळजी उत्तरांत घेतली आहे.

१. नेमके कोणते पैसे मागे घेतले गेले, आणि ते कोणी घेतले?

'कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग' या संस्थेला (पुढील उत्तरांत 'महामंडळ') २०२६ आणि २०२७ या आर्थिक वर्षांसाठी अमेरिकी काँग्रेसने प्रत्येकी ५३.५ कोटी डॉलर आधीच मंजूर केले होते. हे सुमारे १०७ कोटी डॉलर रद्द करण्याचा प्रस्ताव अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रशासनाने ३ जून २०२५ रोजी काँग्रेसकडे पाठवला. सिनेटने तो काही बदलांसह १७ जुलैच्या पहाटे ५१ विरुद्ध ४८ मतांनी आणि प्रतिनिधिगृहाने त्याच रात्री मध्यरात्र उलटल्यावर २१६ विरुद्ध २१३ मतांनी मंजूर केला. २४ जुलै रोजी अध्यक्षांच्या सहीने त्याचा कायदा झाला. याच कायद्याने परदेशी मदतीचे सुमारे ८०० कोटी डॉलरही रद्द झाले, त्यामुळे बातम्यांत ९०० कोटींचा आकडा येतो. प्रसारणाचा वाटा त्यातला लहान भाग होता.

२. महामंडळ, पीबीएस आणि एनपीआर या एकाच संस्थेच्या शाखा आहेत का?

नाहीत, आणि बरेचसे गैरसमज येथूनच सुरू होतात. महामंडळ १९६७च्या सार्वजनिक प्रसारण कायद्याने स्थापन झाले. ते स्वतः कार्यक्रम प्रसारित करत नव्हते. सरकारी पैसा घेऊन तो पुढे वाटणे आणि सरकार व संपादक यांच्यामध्ये अंतर राखणे हे त्याचे काम होते. पीबीएस ही दूरचित्रवाणी केंद्रांची आणि एनपीआर ही रेडिओ केंद्रांची सदस्यसंस्था आहे. दोन्ही संस्था कार्यक्रम पुरवतात आणि सदस्य केंद्रे त्यांना त्याचे शुल्क देतात. प्रत्यक्षात ध्वनी आणि चित्र घरापर्यंत पोहोचवणारी दीड हजारांहून अधिक स्थानिक केंद्रे स्वतंत्र असून कोणाची मालकी विद्यापीठाकडे, कोणाची राज्य शासनाकडे, तर कोणाची गावातल्या एखाद्या ना-नफा मंडळाकडे असते. भारतातील आकाशवाणीप्रमाणे एका मुख्यालयाखालची केंद्रे अशी ही रचना नाही.

३. एनपीआरला सरकारकडून जेमतेम एक टक्का पैसे मिळत होते असे ऐकतो. मग एवढी चिंता कशासाठी?

थेट मिळणाऱ्या सरकारी पैशांपुरता एक टक्क्याचा आकडा बरोबर आहे, परंतु त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष दिशाभूल करणारा आहे. महामंडळाच्या निधीतील सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम थेट स्थानिक केंद्रांना जात असे आणि महामंडळाच्या स्वतःच्या प्रशासनावर पाच टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करण्यास कायद्याची मनाई होती. केंद्रे याच पैशातून पगार देत, मनोऱ्याचे वीजबिल भरत आणि एनपीआर व पीबीएसचे शुल्कही चुकते करत. एनपीआरच्या उत्पन्नाचा सुमारे तीस टक्के भाग केंद्रांच्या शुल्कातून येतो, म्हणजे केंद्र दुबळे झाले की त्याचा परिणाम वरपर्यंत जातो.

तरीही खरी चिंता वरची नाही. न्यूयॉर्क, बॉस्टन किंवा वॉशिंग्टन येथील मोठ्या केंद्रांच्या उत्पन्नात सरकारी पैशाचा वाटा एक आकडी असतो. तेथील श्रोते सधन आहेत आणि प्रायोजक जवळ आहेत. ज्या केंद्राचे सगळे श्रोते चार-पाच गावांत मावतात, तेथे हाच वाटा निम्म्याच्या पुढे जातो. पक्षपाताच्या आरोपावरून ज्या राष्ट्रीय संस्थांवर राग होता (त्याविषयी प्रश्न ७ पाहा), त्या या निर्णयानंतर काटकसर करून टिकतील. ज्यांच्याविषयी सिनेटमध्ये कोणाचीच तक्रार नव्हती, त्या लहान केंद्रांवर आघात सर्वांत मोठा आहे. आमच्या विरोधाचे मुख्य कारण हेच आहे आणि प्रश्न ८मध्ये त्याचे प्रत्यक्ष उदाहरण दिले आहे.

४. संसदेने एकदा मंजूर केलेले पैसे परत कसे घेता येतात?

यासाठी १९७४चा एक कायदा आहे. रिचर्ड निक्सन अध्यक्ष असताना काँग्रेसने मंजूर केलेले पैसे खर्च न करता अडवून ठेवण्याचे प्रकार वाढले, तेव्हा त्याला आळा घालण्यासाठी तो करण्यात आला. त्यानुसार अध्यक्षाला एखादी तरतूद रद्द करावीशी वाटली तर त्याने तसा प्रस्ताव काँग्रेसकडे पाठवायचा असतो. अधिवेशनाच्या सलग ४५ दिवसांत दोन्ही सभागृहांनी तो मंजूर केला नाही तर पैसे खर्चासाठी मोकळे करावे लागतात. अशा प्रस्तावाला सिनेटमध्ये साधे बहुमत पुरते. एरवीच्या विधेयकांत अडवणूक मोडण्यासाठी लागणारी साठ मते येथे लागत नाहीत, आणि म्हणूनच ५१ मतांवर हे काम झाले.

२०१८मध्ये ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत असाच एक प्रस्ताव सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ५० मतांनी अडला होता. प्रसारणाचा या वेळचा प्रस्ताव मात्र कायद्याने आखून दिलेल्या मार्गानेच गेला. तो अविचारी होता असे आम्ही म्हणतो, पण बेकायदा होता असे म्हणत नाही. ऑगस्ट २०२५च्या अखेरीस परदेशी मदतीचे ४९० कोटी डॉलर ज्या पद्धतीने रोखले गेले, तो प्रकार वेगळा होता: आर्थिक वर्ष संपायला ४५ दिवसांहून कमी अवधी असताना प्रस्ताव पाठवायचा, म्हणजे निर्णय होण्यापूर्वीच तरतुदीची मुदत संपते. काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या मते ही पद्धत कायद्याला धरून नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर रोजी ती रक्कम तूर्त रोखून ठेवण्यास मुभा दिली.

५. अध्यक्षांनी आदेश काढूनच हे पैसे बंद केले नव्हते का?

तसा आदेश निघाला होता. १ मे २०२५च्या कार्यकारी आदेशात महामंडळाने एनपीआर व पीबीएस यांना थेट पैसे देऊ नयेत आणि केंद्रांमार्फतही ते पोहोचू देऊ नयेत, असे म्हटले होते. एनपीआरने कोलोरॅडोतील तीन केंद्रांसह आणि पीबीएसने मिनेसोटातील एका केंद्रासह त्याच महिन्यात न्यायालयात धाव घेतली. मजकूर आवडत नाही म्हणून शासनाने एखाद्या वृत्तसंस्थेचे पैसे तोडणे हे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या हमीविरुद्ध आहे, असा त्यांचा मुख्य मुद्दा होता. पैसे प्रत्यक्षात थांबले ते मात्र प्रश्न १मधील कायद्याने. आदेश आणि कायदा यांतला फरक वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण आदेशाला न्यायालयात आव्हान देणे तुलनेने सोपे असते, तर संसदेने पैसे न देण्याचे ठरवले तर ते द्यायला लावणे जवळजवळ अशक्य असते.

६. या प्रसारणाला कायमस्वरूपी उत्पन्नाचे साधन आधीच का दिले गेले नाही?

हा प्रश्न भारतातून अधिक येतो, आणि तो अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. १९६७मध्ये कार्नेगी आयोगाने सार्वजनिक दूरचित्रवाणीची योजना मांडली तेव्हा नव्या दूरचित्रवाणी संचांवर लहानसा कर बसवून त्याचे पैसे वेगळ्या निधीत ठेवावेत, अशी शिफारस केली होती. दर वर्षी हात पसरावे लागले की राजकीय दबाव येणारच, हे आयोगाने ओळखले होते. लिंडन जॉन्सन यांनी ७ नोव्हेंबर १९६७ रोजी सही केलेल्या कायद्यात ती शिफारस वगळण्यात आली.

परिणाम लवकरच दिसला. १९६९मध्ये निधी कपातीची चर्चा चालू असताना मुलांच्या कार्यक्रमाचे निर्माते फ्रेड रॉजर्स यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. मुलांना आपल्या रागाचे काय करावे हे शांतपणे सांगणारा कार्यक्रम का हवा, एवढेच त्यांनी काही मिनिटांत सांगितले आणि कठोर समजले जाणारे समितीप्रमुख जॉन पॅस्टोर यांचे मन वळले. पुढे ३० जून १९७२ रोजी निक्सन यांनी महामंडळाच्या दोन वर्षांच्या निधीचे विधेयक नकाराधिकार वापरून फेटाळले. त्या धक्क्यातून १९७५मध्ये आगाऊ तरतुदीची पद्धत आली. आजच्या सरकारने आजच्या बातमीवर रागावून लगेच पैसे तोडू नयेत, हा तिचा हेतू होता. २०२५मध्ये रद्द झाली ती हीच आगाऊ तरतूद, म्हणजे पन्नास वर्षे टिकलेली संरक्षक भिंत. ती पडली हे आम्हाला रकमेपेक्षाही गंभीर वाटते.

७. एनपीआर पक्षपाती आहे या आरोपात काहीच तथ्य नाही का?

आरोप सरसकट झटकून टाकणे योग्य होणार नाही. एप्रिल २०२४मध्ये एनपीआरचेच ज्येष्ठ संपादक उरी बर्लिनर यांनी संस्थेत विचारांचे वैविध्य उरले नसल्याची टीका जाहीर लेखातून केली आणि त्यानंतर त्यांनी राजीनामा दिला. करदात्याचा पैसा घेणाऱ्या वृत्तसंस्थेने सर्व मतांच्या नागरिकांना आपल्या वाटावे ही अपेक्षा रास्त आहे. आता माध्यमांची रेलचेल असताना १९६७ची व्यवस्था कशाला, असाही एक आक्षेप आहे. मोठ्या शहरांपुरता त्याला अर्थ आहे.

मात्र दोष वॉशिंग्टनमधील बातमीदारीत असेल तर शिक्षा अलास्कातील हवामानवार्तेला का, याचे उत्तर आम्हाला या चर्चेत मिळालेले नाही. संपादकीय तक्रारीवर चौकशी, लोकपाल, संचालक मंडळातील बदल असे उपाय होते. त्याऐवजी तक्रारीशी संबंध नसलेल्या सर्वांचाच निधी एकदम काढून घेतला गेला. रिपब्लिकन पक्षाच्या सुसान कॉलिन्स आणि लिसा मर्कोव्स्की या दोन सिनेटरांनी विरोधात मत दिले, यावरून हा केवळ एका पक्षाचा आक्षेप नव्हता हे दिसते.

८. सर्वाधिक फटका कोणत्या केंद्रांना बसला?

अलास्कातील बेथेल येथील केवायूके या केंद्राचे उदाहरण घेऊ. ते १९७१पासून इंग्रजी आणि तेथील मूलनिवासींची युपिक या दोन्ही भाषांत प्रसारण करते. भोवतालची डझनावारी गावे रस्त्याने एकमेकांना जोडलेली नाहीत. ये-जा विमानाने, नदीतून किंवा बर्फावरून होते. या केंद्राच्या अर्थसंकल्पाचा सुमारे ७० टक्के भाग महामंडळाकडून येत होता. तेथे पर्यायी वृत्तपत्र वा खासगी वाहिनी पुढे येण्याइतकी बाजारपेठ नाही, म्हणूनच तर सार्वजनिक केंद्र उभे राहिले होते.

ऑक्टोबर २०२५मध्ये हालोंग चक्रीवादळाच्या अवशेषांनी याच भागातील किपनुक व क्विगिलिंगोक ही गावे उद्ध्वस्त केली आणि लोकांना विमानाने अँकरेजला हलवावे लागले. अशा वेळी आपल्या भाषेत सूचना देणारा आवाज कोणाचा असतो, याचे उत्तर त्या भागातील लोकांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. सिनेटमधील चर्चा चालू असतानाच, १६ जुलै रोजी, अलास्काच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ७.३ तीव्रतेचा भूकंप होऊन त्सुनामीचा इशारा देण्यात आला होता. तो इशारा सार्वजनिक केंद्रांनी पोहोचवला, हे मर्कोव्स्की यांनी निदर्शनास आणून दिले. मतदान तरीही बदलले नाही.

९. आदिवासी भूमीवरील केंद्रांना वेगळे पैसे देण्याचे ठरले होते ना?

साउथ डकोटाचे सिनेटर माइक राउंड्स यांनी प्रशासनाकडून तसे आश्वासन मिळाल्याचे सांगून प्रस्तावाला पाठिंबा दिला. अंतर्गत व्यवहार खात्याच्या दुसऱ्या निधीतून मूलनिवासी जमातींच्या केंद्रांना काही रक्कम वळवण्याचे ते आश्वासन होते. मंजूर कायद्याच्या मजकुरात त्याचा समावेश नव्हता. शिवाय एका वर्षाची सोय आणि नियमित सूत्रानुसार मिळणारा निधी यांत मोठे अंतर आहे: सूत्रावर विसंबून माणूस नेमता येतो, आश्वासनावर नाही.

१०. आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमच्या राज्याची वाहिनी खरोखर बंद होणार का?

एडिसन आणि परिसरातील मराठी कुटुंबांकडून हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. न्यू जर्सीच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीचे परवाने राज्याच्या प्राधिकरणाकडे आहेत आणि २०११पासून ती वाहिनी न्यूयॉर्कच्या डब्ल्यूनेट संस्थेमार्फत चालवली जाते. केंद्र सरकारचा निधी संपल्यावर आणि राज्य शासनानेही आपला वाटा कमी केल्यावर, हा करार ३० जून २०२६ला संपल्यानंतर आपण तो पुढे चालवणार नाही, असे डब्ल्यूनेटने सप्टेंबर २०२५मध्ये जाहीर केले. परवाने राज्याकडे असल्यामुळे पुढचा निर्णय राज्याचा आहे. त्यामुळे स्थानिक आमदाराकडे विचारणा करण्याला येथे प्रत्यक्ष अर्थ आहे. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या पीबीएस वाहिन्या अनेक घरांत दिसत राहतील; जाईल ते न्यू जर्सीच्या विधिमंडळाचे, शाळांचे आणि निवडणुकांचे वार्तांकन. दोन महानगरांच्या मध्ये असलेल्या या राज्याला स्वतःची दूरचित्रवाणी मिळणे आधीपासूनच कठीण होते.

इतर राज्यांत परिणाम वेगवेगळ्या रूपांत दिसत आहेत. आर्कन्सॉच्या राज्य वाहिनीने शुल्क परवडत नसल्याचे कारण देऊन जुलै २०२६पासून पीबीएसचे सदस्यत्व सोडण्याचा निर्णय डिसेंबर २०२५मध्ये घेतला. म्हणजे केंद्र चालू राहील, पण तेथील प्रेक्षकांना त्या केंद्रावर पीबीएसचे कार्यक्रम मिळणार नाहीत.

११. मुलांचे कार्यक्रम बंद पडले का? 'सीसेम स्ट्रीट'चे काय?

'सीसेम स्ट्रीट' बनवणारी संस्था वेगळी आणि ना-नफा तत्त्वावरील आहे. मे २०२५मध्ये तिने नेटफ्लिक्सशी करार केला आणि नवे भाग त्याच दिवशी पीबीएसवरही मोफत दाखवण्याची सोय त्यात ठेवली आहे. तो कार्यक्रम म्हणून बंद पडलेला नाही. खरे नुकसान दुसरीकडे झाले: गरीब कुटुंबांतील शाळापूर्व वयाच्या मुलांसाठी कार्यक्रम आणि शिक्षणसाहित्य तयार करणाऱ्या 'रेडी टु लर्न' योजनेचे उरलेले २.३ कोटी डॉलर शिक्षण खात्याने त्याच मे महिन्यात थांबवले. हा निर्णय प्रश्न १मधील कायद्यापूर्वीचा आणि त्याहून वेगळा आहे.

१२. मोठी प्रतिष्ठाने आणि देणगीदार ही तूट भरून काढतील, नाही का?

थोड्या काळासाठी, थोडीशी. ऑगस्ट २०२५मध्ये नाइट प्रतिष्ठानासह काही मोठ्या संस्थांनी अडचणीतील केंद्रांसाठी ३.६५ कोटी डॉलर देऊ केले. त्यांचे मनापासून स्वागत आहे. पण दर वर्षी मिळणाऱ्या ५३.५ कोटींशी या एकरकमी मदतीची तुलना केली की उत्तर मिळते. देणगीचा आणखी एक स्वभाव आहे: ती देणाऱ्याच्या जवळच्या ठिकाणी जाते. सरकारी सूत्राने सिअ‍ॅटलच्या करदात्याचा पैसा बेथेलपर्यंत नेला होता. पीबीएसने स्वतःचा अर्थसंकल्प २१ टक्क्यांनी कमी केला आणि नोकऱ्या घटवल्या, एनपीआरनेही केंद्रांना हातभार लागावा म्हणून आपल्या खर्चातून ८० लाख डॉलर कमी करण्याचे ठरवले. ही काटकसर एकदा होते. दर वर्षी तीच करता येत नाही.

१३. आम्हाला देणगी द्यायची आहे. ती कोणाला द्यावी आणि करसवलत मिळते का?

राष्ट्रीय संस्थेपेक्षा केंद्राला द्यावी, आणि जमल्यास आपल्या शहरातील केंद्राबरोबर एखाद्या लहान ग्रामीण केंद्रालाही द्यावी. कारण प्रश्न ३ आणि १२मध्ये आले आहे. एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा लहान रक्कम दिल्यास केंद्राला वर्षाचा अंदाज बांधता येतो. नोकरीच्या ठिकाणी कंपनी तेवढीच भर घालते का, हेही विचारावे. २०२६ या करवर्षापासून अमेरिकेत प्रमाणित वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) घेणाऱ्यांनाही पात्र संस्थांना दिलेल्या रोख देणगीवर एकट्याला १,००० आणि संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्या दांपत्याला २,००० डॉलरपर्यंत वजावट मिळते. भारतात कर भरणाऱ्या नातेवाइकांनी अशा केंद्राला देणगी दिली तर कलम ८०-जीची सवलत मिळत नाही, कारण ती भारतात मान्यता असलेल्या संस्थांसाठी आहे.

१४. आम्ही व्हिसावर आहोत, नागरिक नाही. लोकप्रतिनिधीला लिहिता येते का?

येते. प्रतिनिधी हा त्याच्या मतदारसंघातील सर्व रहिवाशांचा असतो. मतदानाचा हक्क आणि निवेदन देण्याचा हक्क या वेगळ्या गोष्टी आहेत. पत्रात आपला पिनकोड, केंद्राचे नाव आणि त्या केंद्राचा नेमका उपयोग लिहावा. निवडणूक निधीला देणगी देणे मात्र व्हिसाधारकांना कायद्याने निषिद्ध आहे. ग्रीन कार्डधारकांना ती देता येते.

१५. ग्रंथालये, संग्रहालये आणि विद्यापीठे यांचे पैसेही असेच गेले का?

नाही, तेथे मार्ग निराळा होता आणि म्हणून निकालही निराळा लागला. ग्रंथालये व संग्रहालये यांना अनुदान देणारी केंद्रीय संस्था १४ मार्च २०२५च्या कार्यकारी आदेशाने जवळजवळ मोडीत काढण्यात आली होती. नोव्हेंबरमध्ये ऱ्होड आयलंडच्या केंद्रीय न्यायालयाने ती कारवाई बेकायदा ठरवली आणि डिसेंबरमध्ये रद्द केलेली अनुदाने पुन्हा सुरू करण्यात आली. हार्वर्ड विद्यापीठाचे दोनशे कोटींहून अधिक डॉलरचे संशोधन अनुदान रोखण्याची कारवाईही सप्टेंबरमध्ये न्यायालयाने अवैध ठरवली. शासन त्याविरुद्ध अपिलात गेले. काँग्रेसने मंजूर केलेला पैसा प्रशासनाने परस्पर अडवला तर दाद मागता येते, काँग्रेसनेच तो काढून घेतला तर मागता येत नाही, हा प्रश्न ५मधील फरक येथे स्पष्ट दिसतो.

१६. उद्या नव्या काँग्रेसने पैसे द्यायचे ठरवले तर सगळे पूर्ववत होईल का?

रक्कम पूर्ववत होईल, व्यवस्था होईलच असे नाही. महामंडळाने १ ऑगस्ट २०२५ रोजी काम आवरते घेण्याचे जाहीर केले, सप्टेंबरअखेर बहुतेक कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या संपल्या आणि ५ जानेवारी २०२६ रोजी संचालक मंडळाने संस्था विसर्जित करण्याचा ठराव केला. पैसे वाटण्याबरोबर महामंडळ आणखी काही न दिसणारी कामे करत असे: सर्व केंद्रांच्या वतीने संगीताच्या हक्कांचे करार करणे, उपग्रहजोडणीचा खर्च उचलणे, आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी लागणाऱ्या यंत्रसामग्रीचे अनुदान केंद्रांपर्यंत पोहोचवणे. चारशे श्रोत्यांच्या केंद्राने संगीत कंपन्यांशी स्वतंत्र करार करणे व्यवहारात शक्य नसते. नवा निधी आला तर तो स्वीकारून वाटणारी संस्था आधी उभी करावी लागेल, तिचे नियम करावे लागतील, आणि दरम्यान ज्या केंद्राने परवाना परत केला असेल त्याला प्रसारणाची तीच लहर (फ्रिक्वेन्सी) पुन्हा मिळेलच याची खात्री नाही.

१७. मग विसर्जन करण्याऐवजी महामंडळाने निधीविना नुसते अस्तित्व का टिकवले नाही?

हा आक्षेप सार्वजनिक प्रसारणाच्या समर्थकांकडूनही येतो आणि त्यावर मतभेद आहेत. विसर्जनाच्या बाजूने संचालक मंडळाचे म्हणणे असे होते की निधी नसलेली, पण कायद्याने अस्तित्वात असलेली संस्था राजकीय हस्तक्षेपाला आयती सापडते: अध्यक्ष नवे संचालक नेमू शकतो आणि त्या नावाचा व अधिकारांचा वापर मूळ हेतूविरुद्ध होऊ शकतो. विरोधी बाजू प्रश्न १६मधील अडचण पुढे करते. आम्हाला मंडळाचे कारण पटते, कारण १९६७मध्ये या संस्थेला दिलेले मुख्य काम सरकार आणि संपादक यांच्यामधील अंतर राखण्याचे होते. ते काम करता येत नसेल, तर नुसत्या पाटीचा उपयोग त्याच अंतराच्या विरोधात होण्याची शक्यता जास्त होती.